राजवाड्याच्या आतल्या जुन्या फोटोचं फॉर्मल ॲनालिसिस: आधी काय, नंतर काय

कोल्हापुरात आर्टच्या मुलांना हा विषय असाइनमेंटला आला की बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'या छायाचित्रातून राजघराण्याच्या वैभवाचे दर्शन घडते', आणि मग पुढं दोन पानं झुंबर, गालिचा, आरसे, कोरीव खांब. हे राजवाड्याचं वर्णन झालं. एवढं तर तिकीट काढून न्यू पॅलेसमध्ये उभं राहूनही लिहिता येतं, त्यासाठी फोटो समोर कशाला पाहिजे? फॉर्मल ॲनालिसिस म्हणजे आपल्याला लिहायचंय ते त्या खोलीचा फोटो कसा झाला याबद्दल. कॅमेरा कुठं होता, उजेड कुठून आला, प्लेटनं (फिल्मच्या जागी कॅमेऱ्यात घालायच्या काचेनं) कुठले रंग खाल्ले, कागदावर काय उरलं आणि या सगळ्यामुळं बघणाऱ्याची नजर कशी फिरते. खाली दिलेला क्रम पाळा, कारण बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळंच होतात.

## तयारी

फोटोची कॉपी नीट निवडा. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा कुठल्यातरी पेजवरून सेव्ह केलेली इमेज घेऊ नका, तिच्या कडा कापलेल्या असतात, कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो आणि बऱ्याचदा वरून पिवळट फिल्टरही मारलेला असतो. म्युझियमच्या साइटवरचा मोठा स्कॅन घ्या. गेटी आणि राइक्सम्युझियम यांच्या साइटवरून बरेच जुने फोटो मोठ्या साइझमध्ये फुकट उतरवता येतात. स्कॅन असा बघा की फोटो चिकटवलेला पुठ्ठा, त्यावरचं लिखाण आणि चारी कडा दिसल्या पाहिजेत. मूळ प्रिंटची लांबी-रुंदी दिली असेल तर वहीत लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

बाकी सामान साधंच आहे. स्कॅनच्या ए-थ्री साइझच्या दोन प्रिंट, बटर पेपर, लांब पट्टी, गुण्या, एचबी पेन्सिल, तीन रंगीत पेन आणि एक चार्ट पेपर. मूळ प्रिंट हाताळायला मिळणार असेल तर भिंगसुद्धा, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं चालतं.

आता कॅप्शन झाका. खरंच कागद चिकटवून झाका. 'महाराजांचा दरबार हॉल' असं एकदा वाचलं की त्या खोलीत तुम्हाला महाराजच दिसायला लागतात, आणि समोर असलेली साधी गोष्ट, समजा मधल्या रिकाम्या फरशीनं निम्मा फोटो व्यापलाय, ही दिसतच नाही.

## १. फक्त यादी, विशेषण एकही नको

पहिली वीस मिनिटं नुसतं बघायचं आणि यादी करायची. फोटोचे आडवे तीन आणि उभे तीन असे नऊ भाग करा, एकेका भागात काय आहे ते लिहा. 'डावीकडं वर: कमानीचा अर्धा भाग, पडद्याची घडी, पांढरा डाग.' पांढरा डाग म्हणजे खिडकी असेल असं वाटलं तरी आत्ता डागच लिहा. छत आणि फरशीचे भाग सोडून देऊ नका, मुलं नेमके तेच सोडतात कारण तिथं 'काही नाही' असं वाटतं.

सावधान: भव्य, दिमाखदार, राजेशाही, शाही थाट हे शब्द यादीत आले तर खोडा. ते दिसत नाहीत, ते वाटतात.

## २. कडा तपासा

चौकट नेमकी कुठं संपते? झुंबर वरून कापलंय का, खांब पूर्ण आलाय का, पुढच्या खुर्चीचे पाय खाली कापले गेलेत का. कापलेल्या गोष्टींवरून फोटोग्राफरला काय सोडून द्यायला चाललं ते कळतं.

वरचे दोन कोपरे नीट बघा. ते गोलाकार काळे झाले असतील तर बहुतेक वेळा लेन्सचं वर्तुळ तिथं संपलंय, म्हणजे लेन्स प्लेटच्या मधोमध न ठेवता वर सरकवली होती. हे नोंदवून ठेवा, पुढच्याच पायरीला याचा उपयोग आहे.

फोटो उलटा तर छापला नाही ना हेही इथंच तपासा. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे, पाटीवरची अक्षरं, सही, काहीही लिहिलेलं सापडलं तर वाचून बघा. डावं-उजवं उलटं झालेल्या स्कॅनवर कितीही चांगलं लिहिलं तरी सगळं वाया जातं.

## ३. कॅमेरा कुठं उभा होता

इथं घाई करू नका, सगळ्या लिखाणाचा पाया हाच आहे. एका प्रिंटवर बटर पेपर ठेवा. खोलीत आत जाणाऱ्या सगळ्या रेषा पट्टीनं वाढवा: फरशीचे सांधे, गालिच्याच्या कडा, छताची पट्टी, खिडक्यांचे वरचे-खालचे काठ. इंटरमिजिएटच्या परीक्षेला परस्पेक्टिव्ह काढलं असेल त्याच्या बरोबर उलटं काम आहे, तिथं बिंदूपासून खोली काढली, इथं खोलीवरून बिंदू शोधायचा.

रेषा एका बिंदूत मिळाल्या तर त्या बिंदूतून जाणारी आडवी रेषा, म्हणजे क्षितिजरेषा, ही लेन्सची उंची. आणि लेन्स खोलीच्या रुंदीत नेमकी कुठं होती, मधोमध की एका बाजूला, तेही तोच बिंदू सांगतो. समोरची भिंत तिरकी दिसत असेल तर रेषांचे दोन गट पडतील आणि त्यांचे बिंदू कागदाच्या बाहेर जातील, तेव्हा प्रिंट चार्ट पेपरवर चिकटवून रेषा लांब न्या.

आता उंची मोजा. क्षितिजरेषेचा एक गुण फार उपयोगाचा आहे: एकाच सपाट फरशीवरच्या सगळ्या वस्तूंना ती सारख्याच उंचीवर छेदते, मग वस्तू जवळ असो की लांब. खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच धरा. क्षितिजरेषा बैठकीच्या तिप्पट उंचीवर जात असेल तर लेन्स १३५ सेंटिमीटरच्या आसपास होती, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा खाली. रेषा सगळ्या उभ्या माणसांच्या डोक्यावरून जात असेल तर कॅमेरा गॅलरीत किंवा एखाद्या उंच चौथऱ्यावर होता. ही एक गोष्ट कळली की वाक्य बदलतं बघा: 'हॉल भव्य दिसतो' याच्या जागी 'कॅमेरा गॅलरीत असल्यामुळं फरशी चौकटीचा मोठा भाग घेते आणि माणसं त्या फरशीवर लहान लहान पडलेली दिसतात' असं लिहिता येतं.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. क्षितिजरेषा चौकटीच्या मध्याच्या बरीच खाली आहे, छत भरपूर दिसतंय, तरी खांब एकदम सरळ उभे, वर जाऊन एकमेकांकडं झुकत नाहीत. मोबाइल वर करून छताचा फोटो काढला तर खांब झुकतातच. म्हणून मुलं लिहितात की फोटो नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त केलाय. तसं नाही. त्या काळच्या लाकडी कॅमेऱ्यात प्लेट उभीच ठेवून पुढची लेन्स वर सरकवता यायची, त्यामुळं छत चौकटीत यायचं आणि उभ्या रेषा उभ्याच राहायच्या. वरचे कोपरे काळे असतील तर तुमच्याकडं आता दोन पुरावे झाले. मात्र प्रिंट खालून कापलेली असली तरी क्षितिज खाली गेलेलं दिसतं, म्हणून कडा तपासल्याशिवाय हे ठाम लिहू नका.

तपासा: एखादी रेषा बिंदूत येतच नसेल तर तीन कारणं असू शकतात. तुमची पट्टी हलली, ती वस्तूच तिरकी ठेवलेली आहे (खुर्च्या बऱ्याचदा असतात), किंवा कडेच्या रेषा लेन्समुळं वाकल्यात. तिसरं कारण असेल तर खांबाला पट्टी लावून बघा, मधला खांब सरळ आणि कडेचा बाकदार दिसेल.

कोपऱ्यातल्या वस्तूही बघा. वाइड लेन्स असेल तर पुढच्या कोपऱ्यातली गोल टेबलं अंड्यासारखी ताणलेली दिसतात आणि मागची भिंत फार लांब गेल्यासारखी वाटते. 'हॉल खूप लांब आहे' हे त्या लेन्सचंही काम असू शकतं.

आणि आरसे. राजवाड्यात आरसे असतातच, त्यामुळं फोटोग्राफरला स्वतःला लपवायला लागायचं. कॅमेरा मधोमध न ठेवता थोडा बाजूला का ठेवलाय याचं उत्तर कधी कधी समोरच्या आरशातच असतं. आरसा मोठा करून बघा, तिपाई, काळं कापड, खिडकी, काहीतरी सापडतं.

## ४. उजेड कुठून आला

दुसरी प्रिंट घ्या. खुर्च्यांच्या आणि टेबलांच्या खालच्या सावल्या शोधा, त्यांच्या दिशा बाणांनी दाखवा. सगळे बाण एकाच बाजूला गेले तर खिडक्या एका बाजूच्या. बाण इकडं तिकडं गेले तर दोन्हीकडून उजेड आहे किंवा कॅमेऱ्यामागचे दरवाजे उघडे ठेवलेत.

मग खिडक्यांकडं या. आतल्या अंधाऱ्या खोलीसाठी लांब एक्स्पोजर (प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ) द्यायला लागायचं, त्यात खिडकी पूर्ण पांढरी व्हायची आणि तिचा उजेड चौकटीवर पसरायचा, कारण तो प्लेटच्या काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परत फिरायचा. म्हणून खिडकीभोवती मऊ पांढरी झाक दिसते, सळया मधेच विरघळल्यासारख्या होतात. पण खिडकीचा पांढरा भाग जर एकसारखा सपाट असेल आणि त्याची कड सुरीनं कापल्यासारखी धारदार असेल, तर निगेटिव्हवर (उजेड-अंधार उलटे उमटलेल्या प्लेटवर, जिच्यावरून प्रिंट काढतात) रंग लावून ती खिडकी झाकलेली असू शकते. निगेटिव्हवर रंग लावला की तिथून उजेड जात नाही आणि प्रिंटवर तो भाग कोरा पांढरा येतो. मऊ कड म्हणजे उजेडाचं काम, धारदार कड म्हणजे बहुतेक हाताचं. हा फरक बघायला एक मिनिट लागतं, आणि त्यावर लिखाणातला अख्खा परिच्छेद उभा राहतो.

## ५. काळा म्हणजे काळा नव्हे

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. फोटोत भिंत फिकी आहे म्हणून 'भिंतींना पांढरा रंग' आणि फेटा काळा आहे म्हणून 'काळा फेटा' असं बिनधास्त लिहिलं जातं. १८५१ मध्ये आलेली ओली कोलोडियन प्लेट (काचेवर चिकट कोलोडियनचा थर देऊन ओली असतानाच वापरायची) काय किंवा १८८० च्या सुमारास बाजारात पसरलेली साधी कोरडी प्लेट काय, दोन्हींना मुख्यतः निळा-जांभळा उजेडच दिसायचा. हिरवा-पिवळा कमी दिसायचा आणि लाल जवळजवळ नाहीच. १८७३ पासून प्लेटची ही खोड सुधारायचे प्रयोग सुरू झाले खरे, पण सुधारलेल्या प्लेटलाही लाल दिसायचा नाही.

म्हणजे लाल फेटा काळा येतो, केशरी आणि पिवळा पण गडद येतो, आणि गडद निळा फेटा आश्चर्य वाटेल इतका फिका येतो. सागवान काळं दिसतं. माणसांचे चेहरे प्रत्यक्षापेक्षा जास्त काळे दिसतात, म्हणून चेहऱ्याच्या रंगावरून फोटोत कोण कुठला याचे अंदाज बांधायचे नाहीत. सोन्याचा मुलामा दोन्ही करतो, उजेड थेट परततो तिथं चमकतो आणि बाकी ठिकाणी काळपट पडतो, त्यामुळं कोरीव काम प्रत्यक्षापेक्षा जास्त खोल वाटतं.

आपल्या न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमध्ये रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग असलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहून एवढंच मनात आणा: अशा प्लेटवर यातली निळी काच पांढरी फटक होणार, लाल आणि पिवळी काच काळी होणार. प्रसंगातली जी आकृती आपल्याला रंगामुळं लगेच ओळखू येते ती फोटोत शेजारच्या काचेत मिसळून जाईल. तेव्हा जुन्या फोटोत रंगीत खिडकीची नक्षी कळत नसेल तर 'काच खराब झाली असावी' असं लिहायच्या आधी प्लेटचा विचार करा.

हे हातानं करून बघा. घरातल्या हॉलचा मोबाइलवर फोटो काढा, लाल उशी, निळी चादर, पितळी समई असं काहीबाही एकत्र ठेवा आणि एडिटिंग ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून कलर फिल्टर निळा निवडा. जुन्या प्लेटच्या जवळ जाणारं चित्र मिळतं. मग साधं ब्लॅक अँड व्हाइट आणि हे शेजारी ठेवा.

सावधान: फोटोवरून रंग सांगू नका. 'फिका', 'गडद', 'मधला' एवढेच शब्द वापरा. रंग दुसऱ्या पुराव्यावरून माहीत असेल तरच लिहा, आणि तो कुठून कळला तेही सांगा.

## ६. काय हललं

आतल्या फोटोला सेकंदांपासून बऱ्याच मिनिटांपर्यंत एक्स्पोजर लागायचं, त्यामुळं हललेल्या गोष्टी पुसट होतात. झुंबराचे लोलक बघा. वरचा दांडा स्वच्छ आणि खालचे लोलक दुधाळ झालेले असतील तर वारा येत होता, म्हणजे दारं-खिडक्या उघड्या होत्या, आणि चौथ्या पायरीत उजेडाबद्दल काढलेल्या अंदाजाला इथं आधार मिळतो. छताला टांगलेला पंखा, कापडी झालर, कुंडीतल्या पानांची टोकं, सगळं तपासा. घड्याळ असेल तर काटे बघा: तासकाटा स्पष्ट आणि मिनिटकाटा पसरलेला असेल तर एक्स्पोजर कित्येक मिनिटांचं होतं.

दारांपाशी अर्धवट माणसं सापडतात. पाय स्पष्ट, धड पुसट, डोकं गायब. आणि जे चालतच राहिले ते अजिबात उमटत नाहीत. म्हणून रिकाम्या हॉलचा फोटो बघून 'एकाकीपणा', 'ओसाड शांतता' असलं लिहू नका, खोलीत चार नोकर वावरत असतील तरी फोटो रिकामाच येणार. रिकामेपणाचा *परिणाम* लिहा, तो खरा आहे.

ओल्या प्लेटला आणखी एक बंधन होतं. ती वाळायच्या आत एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग दोन्ही उरकायला लागायचं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आणखी लवकर वाळते. कोरड्या प्लेटनं हे बंधन काढून टाकलं. अंधाऱ्या खोलीचा लांब एक्स्पोजरचा, सावल्यांतही तपशील असलेला फोटो असेल तर कोरड्या प्लेटची शक्यता वाढते. शक्यता म्हणा, निकाल नको.

## ७. कागद

स्कॅनवर काम करत असाल तर इथं फार वेळ घालवू नका, पण नोंद हवीच. १८५० मध्ये आलेला अल्ब्युमिन कागद (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला) पुढची चाळीसेक वर्षं सगळीकडं चालला. पातळ कागद, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वरती हलकी चमक, जांभळट-तपकिरी छटा, पांढऱ्या भागात पिवळेपणा, आणि भिंगाखाली बारीक भेगा. त्याच्यानंतरच्या जिलेटिन प्रिंटमध्ये काळा जास्त थंड आणि गडद भागात कडेला चंदेरी झाक दिसू शकते. भिंगाखाली ठिपके-ठिपके दिसले तर तो फोटो नाहीच, छापखान्यातली छपाई आहे.

अल्ब्युमिन प्रिंट साधारणपणे निगेटिव्हला चिकटवून उन्हात काढायचे, म्हणजे प्रिंटएवढीच काचेची प्लेट. सुरुवातीला लिहून ठेवलेलं माप आता काढा. प्रिंट १० बाय १२ इंच असेल तर तेवढी काच आणि तेवढा मोठा कॅमेरा त्या खोलीत नेलेला होता, मग बारीक नक्षी एवढी स्वच्छ का दिसते ते आपोआप कळतं.

तपासा: फिकट भागातला तपशील उडालेला असेल तर तो मुळातच नव्हता की प्रिंट विटल्यामुळं गेला? प्रिंटच्या कडा मधल्या भागापेक्षा जास्त पिवळ्या-फिकट असतील तर विटल्याची शंका घ्या.

## ८. आता रचना

एवढं झाल्यावरच रचनेबद्दल बोलायचं. बटर पेपरवर नजरेचा रस्ता काढा: आधी कुठं जाते, तिथून कुठं, कुठं अडकते. बहुतेक वेळा सगळ्यात उजळ भाग आणि व्हॅनिशिंग पॉइंट (तिसऱ्या पायरीत रेषा मिळाल्या तो बिंदू) यांच्यात ओढाताण असते. मधल्या अक्षावर काय आहे, गादी, दार, झुंबर की रिकामी भिंत? गादी बरोबर अक्षावर असेल आणि सगळ्या रेषा तिकडंच जात असतील तर फोटोग्राफरनं खोलीचा मान स्वीकारला. कॅमेरा बाजूला घेऊन गादी कडेला गेली असेल तर त्यानं खोलीला वस्तूंनी भरलेली जागा म्हणून दाखवलं. बसायची व्यवस्थाही अशीच वाचा. खुर्च्यांच्या रांगा चौकटीच्या कडांशी समांतर आहेत की तिरक्या, आणि पुढची जागा मोकळी ठेवून बघणाऱ्याला आत यायला वाट दिलीय की एखादं टेबल आडवं टाकून थांबवलंय?

माझं स्पष्ट मत आहे की एकच ठळक गोष्ट पकडून तिच्यावर दोन परिच्छेद लिहिणं हे समतोल, पुनरावृत्ती, लय असं सगळं एकेक ओळीत उरकण्यापेक्षा कितीतरी चांगलं. परीक्षकालाही तेच वाचायला आवडतं.

## ९. कॅप्शन उघडा आणि जुळवा

आता कागद काढा. कॅप्शनमधलं प्रत्येक विधान तुमच्या नोंदींशी लावून बघा. इमारतीची तारीख पहिली. आपल्या न्यू पॅलेसचंच घ्या, मेजर चार्ल्स मँटचं डिझाइन, बांधकाम १८७७ ते १८८४. त्या दरबार हॉलचा फोटो म्हणून कोणी १८७० साल लिहिलं असेल तर साल किंवा जागा, दोन्हीपैकी एक चूक आहे. आज तिथं संग्रहालय आहे, त्यामुळं आजची मांडणी बघून जुन्या फोटोतल्या मांडणीबद्दल काही ठरवू नका.

निगेटिव्हवरचं लिखाण शोधा. फोटोग्राफर लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) किंवा बोर्न अँड शेफर्ड ही फोटो कंपनी यांच्या फोटोंवर बऱ्याचदा खाली नाव किंवा नंबर असतो. अक्षरं पांढरी असतील तर निगेटिव्हवर शाईनं लिहिलेली, काळी असतील तर खरवडलेली. नंबर लिहून घ्या, त्याच मालिकेतले शेजारचे फोटो शोधायला तो कामाला येतो. एक मात्र लक्षात ठेवा, निगेटिव्हची तारीख आणि प्रिंटची तारीख वेगळी असू शकते, चांगल्या निगेटिव्हवरून कित्येक वर्षांनीही प्रिंट काढून विकायचे.

## १०. लिहायचं कसं

क्रम असा ठेवा: कॅमेऱ्याची जागा, उजेड, छटा, वेळेच्या खुणा, रचना, आणि शेवटी अर्थ. अर्थाचा परिच्छेद सगळ्यात लहान असला तरी चालेल.

कच्चं लिहून झालं की तीन रंगांचे पेन घ्या. जे दिसतं ते निळ्यानं अधोरेखित करा, जे तंत्रामुळं झालंय ते हिरव्यानं, जो तुमचा अंदाज आहे तो लालनं. प्रत्येक लाल ओळीच्या आधी कुठंतरी निळी ओळ असलीच पाहिजे. नसेल तर ती लाल ओळ काढा किंवा फोटोकडं परत जाऊन पुरावा शोधा.

नमुना म्हणून बघा. आधी: 'दरबारातील भव्य झुंबरे राजवैभवाची साक्ष देतात.' नंतर: 'तीन झुंबरं मधल्या अक्षावर एकामागं एक येतात आणि लहान होत जातात, त्यामुळं हॉलची खोली मोजता येते. पुढच्या झुंबराचे लोलक हलल्यामुळं दुधाळ झालेत, म्हणून सगळ्यात जवळची वस्तू सगळ्यात अस्पष्ट आहे आणि नजर तिथं न थांबता मागच्या दाराकडं जाते.' दुसऱ्यात एकही स्तुतीचा शब्द नाही, तरी झुंबर जास्त दिसतं.

शेवटी फोटोखालची ओळ पूर्ण द्या: फोटोग्राफर (माहीत नसेल तर 'अज्ञात'), जागा, निगेटिव्हचं साल, प्रिंटचा प्रकार, माप आणि मूळ प्रिंट कुठल्या संग्रहात आहे. सालाबद्दल खात्री नसेल तर 'सुमारे' लावा. आणि स्कॅन तुम्ही कुठूनही कापला, सरळ केला किंवा उजळला असेल तर तेही त्याच ओळीत लिहा.